खंडेनवमीचं काळं तेल

हरिबाच्या नाकाची कीर्ती ऐकायची असेल तर नांदूरघाटच्या बाजारात कुठल्याही म्हाताऱ्याजवळ जाऊन बसावं. विहिरींवर डिझेलची इंजिनं फटफटत होती त्या काळात हा माणूस सायकलला पान्यांची पिशवी अडकवून गावोगाव हिंडायचा. इंजिन बिघडलं की बाकीचे मिस्त्री आधी पाना हातात घेत. हरिबा आधी तेल मोजायची काडी उपसायचा, तिच्यावरचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, अंगठा नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "पाणी शिरलंय." नाहीतर, "तेलात डिझेल उतरलंय." नाहीतर नुसतंच, "जाळलं बे तुमी ह्याला." खोलून बघितलं की तेच निघायचं. एकदा सिरसाळ्याच्या एका आडत्यानं त्याला आणायला जीप पाठवली, तर बसल्या बसल्या हरिबानं ड्रायव्हरला सांगितलं म्हणे, की बाबा, आधी तुझ्याच गाडीचं तेल बदल. ही गोष्ट सांगता सांगता जीप मोठी होत गेली आहे आणि अलीकडे तिचा ट्रक झाला आहे.

या कीर्तीचा खरा ताप झाला तो त्याच्या बायकोला, छबुबाईला. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की नवरा कारागीर आहे, म्हणजे जरा नीटनेटका असेल. पहिल्याच आठवड्यात त्याचा सदरा धुवायला घेतला आणि तिला रडू कोसळलं. काळं तेल सोड्यानं जाईना, राखेनं जाईना, दगडावर आपटून सदरा फाटला पण डाग होता तिथंच राहिला. तेव्हापासून कपडे धुताना तिचं तोंड चालायचं, आणि ते हरिबाला ऐकू जाईल अशा बेतानंच चालायचं. "आज काय पिऊन आलाय ह्यो सदरा कुणास ठाऊक," असं ती बादलीला सांगायची. हरिबा ओट्यावर बसून तंबाखू मळायचा आणि बादलीला उत्तर देऊ द्यायचा.

असं वर्षानुवर्षं धुता धुता तिच्या नाकाला आपोआप वळण लागलं. नुसतं जुनं झालेलं तेल वेगळं वास मारायचं. डिझेल मिसळलेलं तेल कपड्यातून लवकर सुटायचं, पण त्याचा उग्र वास वाळल्यावरही मागं राहायचा. पाणी शिरलेल्याला ओल्या पोत्यासारखा कुबट वास यायचा, आणि तापून जळालेलं असलं की कढईला लागलेल्या गुळासारखा. हे ज्ञान आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नाही. तिच्या लेखी तो फक्त जास्तीचा साबण होता.

पुढं शेतात वीज आली. इंजिनं चिंचेखाली गंजत पडली, त्यांच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि हरिबाची सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. तो पुन्हा उभा राहिला तो बोटीमुळे. त्याच्या गावाच्या, हिंगणवाडीच्या, तीन अंगांना धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, पण सडकेनं जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा घालावा लागतो. गावातल्या मोठ्या जमीनदार घरातला अमरसिंह, ज्याची निम्मी शेती पलीकडे आहे आणि ज्याला पुढं निवडणुकाही लढवायच्या आहेत, त्यानं एक लोखंडी बोट आणली. त्याचे मजूर तिच्यातून जातील आणि गावही जाईल, असा दुहेरी हिशेब. बोटीच्या पोटात त्यानं कुणाच्या तरी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं, त्याचा दांडा बुडातून बाहेर काढून मागं पंखा लावला. या इंजिनाची भाषा जाणणारा गावात एकच माणूस उरला होता. अशा रीतीनं हरिबा, ज्याला धड पोहता येत नव्हतं, तो नावाडी झाला.

बोटीतल्या इंजिनाचं तेल बदलणं म्हणजे मळ्यातल्यासारखं सोपं काम नव्हे. मळ्यात खालचा नट सोडला की तेल आपोआप भांड्यात उतरतं. बोटीत इंजिनाचं बूड जवळजवळ पत्र्यालाच टेकलेलं, तिथं हात काय बोटही शिरत नाही. म्हणून तेल वरूनच उपसावं लागतं. हरिबा आधी इंजिन थोडा वेळ चालवून तेल गरम करायचा, म्हणजे ते पातळ होतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं. मग काडीच्या भोकातून बारीक नळी आत सोडून पितळेच्या हातपिचकारीनं ते बादलीत ओढायचा. फिल्टर सोडताना त्याच्यावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवायचा. कारण बोटीच्या तळाला थेंब सांडला की तो तळाच्या पाण्याबरोबर तलावात जाणार, आणि तलावाचं पाणी गाव पितं. सुरुवातीला एकदोनदा ते झालं होतं. बायकांनी तेलाचा तवंग आलेल्या घागरी थेट हरिबाच्या दारात नेऊन ओतल्या होत्या. तेव्हापासून पिशवी कधी विसरली नाही.

वर्षातून एकदा हे काम तो खंडेनवमीला करायचा, आणि त्याचा गावात सणच होऊन बसला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर विळे, कुऱ्हाडी, पाभरी पुजतात, तसं इथं बोटीचं इंजिनही पुजतात. बायकांना पाय न भिजवता हळद-कुंकू वाहता यावं म्हणून त्या दिवशी बोटीचं नाक ओढून काठाच्या चढावर घेतात. हलगी वाजते. उपसलेलं काळं तेल न्यायला अख्खं गाव डबे घेऊन येतं, कारण गाडीच्या आखाला, दाराच्या बिजागरीला आणि वाळवी लागलेल्या खांबाला त्याच्यासारखं औषध नाही. आणि वाटपाच्या आधी, पाडव्याला भटजी पंचांग वाचतात त्या थाटात, हरिबा अंगठ्यावर तेल घेऊन नाकाशी नेतो. हलगी थांबते. पोरंसुद्धा गप्प होतात. मग हरिबा इंजिनाचं वर्ष कसं जाणार ते सांगतो, आणि त्यावर नारळ फुटतो.

करोना आला तेव्हा नवराबायको दोघंही आडवे पडले आणि दोघंही उठले, एवढं नशीब. दोघांचाही वास गेला होता. छबुबाईचा काही दिवसांनी एका सकाळी लसणाच्या फोडणीबरोबर परत आला. हरिबाचाही आला असेल, असं तिनं धरून चाललं. मग एकदा उकाड्याच्या दिवसांत आमटी विटली आणि घाईत तिच्या लक्षात न येता तीच ताटात गेली. अन्नात हिंग कणभर जास्त झाला तर नाक मुरडणारा हा माणूस, त्यानं ती आमटी भाकरी कुस्करून खाल्ली, वर बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी त्याच्या ताटामागं ठेवली. हरिबानं आणखी एक भाकरी मागितली.

ती गोठ्यात गेली आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन त्याचं ताट उचललं. विचारलं मात्र काहीच नाही. तो का लपवतो हे तिला न विचारताच कळलं होतं. बीडहून शिकलेला मिस्त्री आणावा, हरिबाकाकांचं आता वय झालं, असं अमरसिंहाचं अधूनमधून चाललेलं असायचं. त्यावर गावाचं एकच उत्तर असे, की हरिबाच्या नाकाला तोड हाय का. ते नाकच गेलं म्हटल्यावर बोट गेली, आणि बोट गेली की हा माणूस पुन्हा भिंतीला टेकलेल्या सायकलीजवळ बसणार. ती वर्षं छबुबाईनं बघितली होती. त्या वर्षांत तो कुणाशी भांडतसुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून तिची कपडे धुतानाची कुरकुर जरा बदलली. "आज सदऱ्याला गूळ लागल्यावानी वास लई मारतोय," असं ती बादलीला सांगायची. ओट्यावरचा तंबाखू मळणारा हात क्षणभर थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी हरिबा तासभर आधीच बोटीवर जाऊन इंजिन गार ठेवणारं पाणी नीट फिरतंय का ते बघायचा. "पोतं भिजल्यावानी येतंय," म्हणाली की तो बूच आणि वायसर तपासायचा. काही दिवसांनी काडी पुसलेली चिंधीही तो धुण्याच्या ढिगावर, अगदी वर, दिसेल अशी ठेवू लागला. तिला कळलंय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिला. पण दोघांपैकी कुणीही तोंडातून अक्षर काढलं नाही. नवराबायकोत असे कितीतरी करार न बोलता होतात आणि स्टँपपेपरवरच्या करारांपेक्षा जास्त टिकतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती न चुकता धुणं काढायची. दुसऱ्या दिवशी हरिबा अंगठा नाकाला लावून डोळे मिटायचा तो गावासाठी. उत्तर त्याला रात्रीच मिळालेलं असे.

यंदा मात्र दसऱ्याआधी तिला शिरूर कासारला माहेरी जावं लागलं. भाऊ-भावजय ऊसतोडीला जायच्या तयारीत, आणि त्यातच आई तापानं पडली. आईला सोडून निघवेना. पंधरवडा गेला. ती परतली ती थेट खंडेनवमीच्या सकाळी, पलीकडच्या काठावरून, नवऱ्याच्याच बोटीत बसून. बोट माणसांनी भरलेली. "आलीस? बरं झालं," एवढंच हरिबा म्हणाला, पण सुकाणू धरलेल्या त्याच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की छबुबाई मनात हसली. चहा करून देणारं माणूस आलं म्हणून खूश झाला असेल, असं तिला वाटलं.

घरी पोचून तिनं पुरणाचा नैवेद्य करून ताट वाढून ठेवलं आणि मग पंधरवड्याचं धुणं भिजत टाकायला घेतलं. वरचा सदरा पाण्यात बुडाला आणि वास वर आला. डिझेल. तिनं सदरा पिळला, पुन्हा हुंगला. टाकीत भरताना सांडलं असेल, असं म्हणून खालचा उचलला. त्यालाही तोच. त्याच्या खालच्याला थोडा कमी, पण तोच. म्हणजे एका दिवसाचं सांडणं नव्हतं ते. रोज थोडं थोडं वाढत आलेलं होतं. तिनं ओल्या हातानंच नैवेद्याचं ताट उचललं आणि काठाकडं निघाली. चालता चालता ती पळायलाच लागली होती.

इकडं काठावर हरिबानं तेल उपसलं होतं. आता त्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण नाक गेलं तरी त्याचे डोळे आणि बोटं शाबूत होती. काडीवर तेल खुणेच्या बरंच वर दिसलं होतं. पण बोटीचं नाक चढावर असलं की पोटातलं तेल मागं सरकतं आणि काडी मागच्या अंगाला आहे, त्यामुळं खंडेनवमीला ते दर वर्षी वरच दिसायचं. बोटांत तेल पातळ लागलं होतं. पण मुद्दाम तापवलेलं तेल पातळ लागणारच. डोळ्यांनी शंका काढली तर तिला उत्तर होतं, बोटांनी काढली तर तिलाही होतं. त्या दिवशी खरं सांगू शकलं असतं ते एक नाकच.

छबुबाई गर्दीच्या कडेला पोचली तेव्हा हलगी थांबलेली होती. हरिबाचा अंगठा नाकाशी होता, डोळे मिटलेले. जरा जास्तच वेळ मिटलेले होते, असं तिला वाटलं. मग त्यानं ते उघडले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "इंजन ठणठणीत हाय." नारळ फुटला. हलगी पुन्हा सुरू झाली आणि तिची हाक त्यात विरून गेली.

हरिबा नवं तेल ओतू लागला आणि बादलीपाशी गावातले वडीलधारे त्रिंबकआप्पा वाटपाला बसले. दर वर्षी हे तेल शेवटपर्यंत पुरत नाही. वस्तीच्या टोकाला राहणारी कडूबाई कायम शेवटी येते आणि तिच्या डब्यात फिल्टरचे निथळलेले चार थेंबच पडतात, त्यावरून तिचं आणि त्रिंबकआप्पांचं भांडणही ठरलेलं. यंदा कडूबाईचा डबा काठोकाठ भरला. भरून बादलीत आणखी उरलं. कडूबाई भांडायला तोंड उघडून आली होती, ते तसंच राहिलं.

"यंदा बरकत हाय," त्रिंबकआप्पा म्हणाले. "पुरून उरलं बघा. असं कधी झालं न्हवतं." त्यांनी बादलीला कुंकू लावलं. कुणी हात जोडले, कुणी नवा डबा आणायला पोराला घरी पिटाळलं.

छबुबाईनं हात जोडले नाहीत. घरातलं दूध आपोआप वाढलं तर कुठलीही बाई देवाला हात जोडत नाही, त्यात पाणी कुणी घातलं ते शोधते. इंजिनात गेलं त्याच्यापेक्षा जास्त बाहेर आलं, म्हणजे मधल्या काळात आत कायतरी पडत होतं. आणि ते काय, हे तिच्या घरच्या बादलीत भिजत होतं. तेल बदलून दोष गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता. नव्या तेलात आता पुन्हा डिझेल पडणार होतं, आणि रोज वाढत आलेली गळती आज किती झाली असेल कुणास ठाऊक.

तिनं आपल्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली. कडूबाईकडं वळून, पण हरिबाला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "काय सांगू कडूबाई, ह्यांच्या समद्या सदऱ्यांला नुसता डिझेलचा वास मारतोय. एकाला न्हाई, समद्यांला."

तेल ओतणारा हरिबाचा हात थांबला. त्यानं ऐकलं होतं, यात शंका नाही. बोटीशेजारीच अमरसिंह उभा होता, पांढरा शर्ट, कानाला फोन. हरिबानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घालून नरसाळ्याला सांगितलं, "भरताना सांडलं आसंल."

एवढ्या वर्षांत छबुबाईनं त्याला चिडलेला बघितला होता, रुसलेला बघितला होता. घाबरलेला आज पहिल्यांदा बघितला. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला पदराआड घ्यावं असं वाटलं.

तोवर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं काठावर जमली होती. पलीकडं त्यांना न्यायला गाड्या उभ्या होत्या. बोचकी, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या, कडेवर पोरं. बोट ढकलून पाण्यात आणली आणि माणसं चढायला लागली. हरिबानंच तिला एकदा सांगितलं होतं, की तेलात डिझेल फार झालं की कधी इंजिन आवळून बसतं, आणि कधी उलटं होतं. ते स्वतःचंच तेल खाऊन पिसाळतं, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. एका मळ्यात असं झालं तेव्हा माणसं वाट फुटेल तिकडं पळाली होती. मळ्यात पळता येतं. भर पाण्यात ही कडेवरची पोरं घेऊन कुठं पळणार, हा विचार मनात आला आणि मग तिला थांबता आलं नाही.

ती बोटीत चढली, माणसांमधून वाट काढत मधोमध गेली आणि इंजिनावरच्या झाकणावर मांडी घालून बसली.

"ही बोट आज न्हाई निघायची," ती म्हणाली.

"काय झालं, काकू?" अमरसिंहानं फोन खाली घेतला.

"माजं मन न्हाई म्हणतंय."

हसणं पिकलं. त्रिंबकआप्पा काठावरून म्हणाले, "छबे, सणाच्या दिवशी कायतरी बोलू नगंस. आत्ताच हरिबानं वास घेतलाय की."

"घेतलाय," ती म्हणाली आणि तिथंच अडली. आणखी एक शब्द काढला असता तर नवरा गावासमोर उघडा पडला असता. न काढावा तर ही सगळी माणसं तिच्या डोळ्यांदेखत पाण्यावर जाणार होती. तिनं सुकाणूजवळ उभ्या असलेल्या हरिबाकडं बघितलं. आता तिचा आवाज कुरकुरीचा नव्हता. "आवं, मी न्हाई सांगायची. तुमीच सांगा."

हरिबा चिंधीला हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते, तरी पुसत राहिला. बोटीतली एक बाई म्हणाली, चला की वो, गाड्या खोळंबल्यात. मग त्यानं चिंधी खांद्यावर टाकली.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. कुणाला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "करोनात गेला, त्यो आलाच न्हाई. अंगठा नाकाला लावून मी नुसते डोळे मिटत व्हतो. तेल हीच हुंगायची, माजे कपडे धुताना. ह्या टायमाला ही गावाला गेलती, म्हणून मी आंदाजानं बोललो. उतरा समदे."

कुणीतरी मागं हसलं आणि आपलं आपणच गप्प झालं. माणसं उतरू लागली. उतरताना कुणी हरिबाकडं बघत नव्हतं. जणू त्याच्या अंगावर कपडे नव्हते, अशी सगळ्यांनी नजर वळवली.

मग तो एकटा बोटीत वाकला. इंजिनाला डिझेल पोचवणारा छोटा पंप असतो, तो त्यानं सोडवून बाहेर काढला आणि उघडला. आतला पातळ पडदा फाटला होता. त्यातूनच डिझेल इंजिनाच्या पोटात गळत होतं. हरिबानं पडदा उन्हाकडं धरला, आणि चिरेतून आलेली उजेडाची रेघ काठावरच्या माणसांनासुद्धा दिसली. नट सोडताना, पंप उघडताना त्याचे हात कुठंही अडखळले नव्हते. छबुबाई तेच बघत होती. इतरांनीही ते बघावं असं तिला फार वाटत होतं, पण ते तोवर एकमेकांशी बोलायला लागले होते.

अमरसिंहानं फोन करून पलीकडच्या गाड्या सडकेनं वळसा घालून गावात बोलावल्या. कडूबाई तेवढी डबा कवटाळून उभी होती. "मग ह्ये तेल दाराला चालंल का न्हाई?" तिनं विचारलं. चालंल, असं हरिबानं सांगितल्यावर ती घरी गेली.

गर्दी पांगल्यावर अमरसिंह बोटीजवळ आला. तो वाईट माणूस नव्हे. त्यानं आवाज चढवला नाही. "काका, मला का म्हून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आसतं तर ठिवलं आसतं का मला बोटीवर, दादा?"

अमरसिंहानं खोटं उत्तर दिलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "सुकाणू तुमच्याकडंच राहू द्या. पण इंजनाला मी दुसरा माणूस बघतो. लेकराबाळांचा प्रश्न हाय."

"खरं हाय," हरिबा म्हणाला.

घरी जाताना छबुबाई त्याच्या मागून चालत होती. नैवेद्याचं ताट तसंच हातात होतं, इंजिनाला दाखवायचंही राहून गेलं होतं. आपण अख्ख्या गावासमोर नवऱ्याच्या हातातलं इंजिन काढून घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर भिजत पडलेले सदरे त्यानं स्वतःच पिळले आणि दोरीवर टाकले, नीट न धुताच. तिनं त्याला अडवलं नाही.

दिवेलागणीला ती देवापाशी दिवा लावून बाहेर आली. हरिबा उंबऱ्याशी बसला होता, शेजारी जागा सोडून. ती बसली.

"माज्यामुळं झालं," ती म्हणाली.

"तुज्यामुळं कुणी बुडलं न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "छबे, आपल्या घराला वास कसला येतो गं?"

ती त्याच्याकडं बघतच राहिली. इतके दिवस तो हे कुणाला विचारू शकला नव्हता. विचारलं असतं तर वास येत नाही हे सांगावं लागलं असतं. आज सांगून झालं होतं.

"आत्ता ना," ती म्हणाली आणि खरोखर मान वर करून तिनं श्वास घेतला. "आत्ता झेंडूचा येतोय, उद्याच्या तोरणाचा. त्याच्या खाली सारवणाचा. सकाळीच सारवलंय शेजारणीनं, माज्या माघारी. पुरण जरा खाली लागलंय, त्याचा गोड गोड. म्हशीचा हाय. कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याचा धुळकट. अन आता वात इझाया आलीय, तिचा."

तो डोळे मिटून ऐकत होता. सकाळी गावासमोर मिटले होते तसे नव्हे. मधेच तो म्हणायचा, हां, आणि ती थांबायची, मग पुन्हा सांगायची. सांगता सांगता तिचं घरातलं सगळं संपलं.

"अन तुजा?" हरिबानं विचारलं. "तुजा बी आठवंना झालाय मला. कसा व्हता?"

छबुबाईनं पदर नाकाशी नेला, मनगट नेलं. मग हात खाली मांडीवर ठेवला.

"मला माजा कसा कळंल?" ती म्हणाली. "त्यो एक तुमालाच ठाऊक व्हता."

हरिबानं डोळे उघडले. आत दिवा विझला होता, पण तो लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.